पहिली वेबसाइट सर्व्हरवर चढवताना: माझ्या लॅपटॉपवर दिसते, बाहेर दिसत नाही

निळी शाई (धागाकर्ती)

मंडळी, गेल्या आठवड्यात मी आयुष्यातली पहिली वेबसाइट लाइव्ह केली. आईच्या कवितांची. एकसष्ट कविता, एक अनुक्रमणिका आणि तिचा एक फोटो, बस्स. पानं बनवायला दोन महिने लागले आणि ते फार आनंदात गेले. तयार पानं सर्व्हरवर चढवायला मात्र पाच रात्री गेल्या, आणि त्यातल्या दोन रात्री तर मी चुकीच्याच ठिकाणी चूक शोधत होते. अडलेली प्रत्येक गोष्ट शेवटी अगदी छोटी निघाली, पण नवख्या माणसाला कळेल अशा मराठीत ती कुठे एका जागी सापडली नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, आणि नवीन असाल तर कितीही साधा प्रश्न असो, विचारा.

आधी, जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते सांगते. आपण 'वेबसाइट घेतली' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घेतलेल्या असतात. डोमेन म्हणजे नुसतं नाव. होस्टिंग म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवरची, म्हणजे सर्व्हरवरची, थोडी जागा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतलं तर त्यांची गाठ बहुतेक वेळा आपोआप बांधली जाते. मी नाव एकीकडून घेतलं, जागा दुसरीकडून, आणि गाठ आपण बांधायची असते हे मला माहीतच नव्हतं. फाइली चढवल्या, ब्राउझरमध्ये नाव टाकलं, तर समोर 'हे डोमेन पार्क केलेलं आहे'. मी पुन्हा फाइली उघडून एकेक ओळ तपासत बसले. फाइली बरोबर होत्या. नावाला पत्ताच दिलेला नव्हता.

होस्टिंग घेतलं की एक स्वागताची मेल येते. ती जपून ठेवा. तिच्यात दोन नेमसर्व्हर (नाव विचारलं की पत्ता सांगणारी यंत्रं), एक आयपी पत्ता (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता), युजरनेम आणि पासवर्ड असतो. नाव जिथून घेतलं तिथल्या खात्यात जायचं आणि नेमसर्व्हरच्या रकान्यात मेलमधले दोन नेमसर्व्हर भरायचे. किंवा नेमसर्व्हर आहेत तसेच ठेवून 'ए रेकॉर्ड'मध्ये, म्हणजे नावासमोर पत्ता लिहायच्या नोंदीत, तो आयपी पत्ता टाकायचा. दोन्हीपैकी एकच करा. नेमसर्व्हर बदलले की जुन्या ठिकाणच्या ए रेकॉर्डला कोणी विचारत नाही. मी तिथे तासभर आकडे बदलत होते.

आणखी एक मेल येते, तिच्याकडे माझं दुर्लक्ष झालं होतं. डॉट कॉमसारखं नाव घेतल्यावर मालकाचा ईमेल पत्ता खरा आहे का हे विचारणारी मेल येते. १५ दिवसांत तिच्यातल्या दुव्यावर क्लिक केलं नाही तर चालू साइटचं नाव बंद पडू शकतं. माझी मेल स्पॅममध्ये पडली होती, नशिबाने बाराव्या दिवशी दिसली.

आता फाइली चढवण्याबद्दल. मी फाइलझिला नावाचं फाइली चढवायचं सॉफ्टवेअर वापरलं. डाव्या बाजूला आपला कॉम्प्युटर, उजव्या बाजूला सर्व्हर. उजवीकडे बरेच फोल्डर दिसतात आणि त्यातला बहुतेकांना लागणारा एकच: पब्लिक_एचटीएमएल. काही ठिकाणी त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा एचटीडॉक्स असतं. जगाला दिसायचं ते या फोल्डरच्या आत. मेलचे, लॉगचे वगैरे बाकीचे फोल्डर तसेच राहू द्या.

मुख्य पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, सगळी अक्षरं स्मॉल. नुसतं डोमेन टाकल्यावर सर्व्हर याच नावाची फाइल शोधतो. विंडोजवर फाइलीचं शेपूट लपवलेलं असतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' असू शकते आणि आपल्याला ते दिसतही नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा, लगेच उघडं पडेल.

एवढं करून माझी साइट उघडली. आणि त्यावर आईची एकही कविता वाचता येत नव्हती. ते स्वतंत्र लिहिते, कारण आपली लिपी वापरणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटणार आहे.

रातकिडा

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी सध्या बरोबर याच जागी अडकलोय. नाव आणि होस्टिंग एकाच कंपनीचं आहे. फाइलझिलाने सगळं चढवलं, खाली 'यशस्वी' असं आलं. पण नाव टाकलं की कंपनीचंच स्वागताचं पान उघडतं. तीनदा पुसून पुन्हा चढवलंय. काय करू?

पाऊलवाट

रातकिडा, आता चौथ्यांदा पुसू नका. कंपनीचं स्वागताचं पान दिसतंय याचा अर्थ तुमचं नाव योग्य सर्व्हरपर्यंत पोचतंय. म्हणजे अर्ध्या शक्यता इथेच संपल्या. आता फक्त फाइली नेमक्या कुठे उतरल्या ते बघायचं. चढवताना पूर्ण फोल्डर ओढलात की फोल्डर उघडून आतल्या फाइली ओढल्यात?

रातकिडा

पूर्ण फोल्डर. त्याचं नाव मायसाइट.

पाऊलवाट

मग डोमेनच्या पुढे तिरकी रेघ आणि मायसाइट असं टाकून बघा.

रातकिडा

उघडली!!! अहो, तीन दिवस ती तिथेच होती!

पाऊलवाट

छान. आता फाइलझिलाच्या उजव्या बाजूला मायसाइट फोल्डर उघडा, आतलं सगळं निवडा आणि एक पायरी वर, थेट पब्लिक_एचटीएमएलमध्ये ओढा. पुन्हा अपलोड करायची गरज नाही, सर्व्हरवरच्या सर्व्हरवर हलतं. तिथे कंपनीची आधीची इंडेक्स फाइल असेल तर पुसण्याऐवजी तिचं नाव बदलून ठेवा. तिचं शेपूट वेगळं असेल, म्हणजे पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) वगैरे, तर दोन इंडेक्स फाइली शेजारी राहतात आणि सर्व्हरच्या यादीत जिचं नाव आधी ती उघडते. पुष्कळांचं स्वागताचं पान त्यामुळेच हटत नाही.

धागाकर्तीने फाइलझिलाचं लिहिलंय, त्यात एक भर. जोडताना साधं एफटीपी (फाइली पाठवायची जुनी पद्धत) निवडू नका. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये एमआयटीत असताना एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा नेटवर्कवर मोजकी यंत्रं होती, त्यामुळे पासवर्ड उघडा पाठवण्यात कोणाला वावगं वाटलं नाही. साध्या एफटीपीत तो आजही उघडाच जातो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच (दुसऱ्या यंत्राशी कूटबद्ध जोडणी करायची पद्धत) लिहिलं. आज आपण एसएफटीपी म्हणतो ते त्याच एसएसएचवरून चालतं. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, २२. होस्टिंग देत असेल तर तेच घ्या. नसेल तर निदान 'एफटीपी ओव्हर टीएलएस', म्हणजे कूटबद्ध एफटीपी, निवडा. जुन्या लेखांत थेट ब्राउझरमधून एफटीपी उघडायला सांगितलेलं सापडेल. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली.

लॉगिन होतं पण फोल्डरांची यादी येतच नाही, अशी तक्रारही नेहमी येते. एफटीपीला दोन जोडण्या लागतात, आज्ञांसाठी पोर्ट २१ वर एक आणि यादी किंवा फाइल आणण्यासाठी दुसरी. ही दुसरी मधल्या फायरवॉलला अडकते. सेटिंगमध्ये पॅसिव्ह मोड करा. एसएफटीपीत सगळं एकाच जोडणीतून जात असल्यामुळे हा त्रास मुळातच नाही.

सावली

मी फाइलझिला वापरतच नाही. सगळ्या फाइलींची झिप करते, सीपॅनलच्या (होस्टिंगच्या नियंत्रण पॅनलच्या) फाइल मॅनेजरमधून चढवते आणि तिथेच 'एक्स्ट्रॅक्ट' करते. शेकडो लहान फाइली एकेक जाण्यापेक्षा एक मोठी फाइल पटकन जाते. झिप नंतर पुसायला विसरू नका. पब्लिक_एचटीएमएलमध्ये पडून राहिली तर नाव ओळखणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो.

निळी शाई

सावली, हे मला आधी कळायला हवं होतं. माझ्या दोन फाइली मध्येच तुटल्या होत्या. फाइलझिलाच्या तळाशी 'फेल्ड ट्रान्सफर्स' नावाचा टॅब असतो. मी फक्त 'सक्सेसफुल'चा आकडा पाहून खूश झाले होते. एक कविता उजवीकडे ० बाइटची दिसत होती, पान उघडलं की कोरं पांढरं. चढवून झाल्यावर डावी-उजवीकडचे आकार एकदा शेजारी ठेवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता कविता का वाचता येत नव्हत्या ते.

दोन वेगवेगळे घोटाळे एकात एक गुंतले होते. पहिला असा: 'म'च्या जागी तीन चिन्हं दिसत होती. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी स्मॉल ए, मग चार कोपऱ्यांना काट्या असलेलं गोल, मग वर्तुळातला आर. पूर्ण पानभर तोच ए पुन्हा पुन्हा, मधूनमधून येनचं चिन्ह. मला वाटलं सगळं टायपिंग गेलं. अनुक्रमणिकेपासून शेवटच्या पानापर्यंत एकही शब्द ओळखू येत नव्हता, आणि त्या रात्री मी लॅपटॉप तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी कळलं की काहीच गेलं नव्हतं. युटीएफ-८ ही अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ब्राउझरला ही युटीएफ-८ आहे हे कळलं नाही, तर तो एकेका बाइटला एकेक अक्षर समजून दाखवतो. म्हणून एकाचे तीन. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी सारखाच असतो, म्हणून तोच ए सारखा दिसतो. उपाय एका ओळीचा आहे: हेडच्या (पानाच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागाच्या) अगदी सुरुवातीला मेटा कॅरसेट युटीएफ-८ लिहायचं. कॅरसेट म्हणजे अक्षरं वाचायची पद्धत. अगदी सुरुवातीला म्हणजे फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये. माझी ती ओळ होती, पण तिच्या वर मी एक लांबलचक टीप लिहून ठेवली होती, ओळ खाली ढकलली गेली. टीप काढली, म परत आला.

पाऊलवाट

उत्तम लिहिलंत. यात एक जोडतो. मेटा ओळ बरोबर असूनही चिन्हंच दिसत असतील तर सर्व्हर स्वतः पानाबरोबर वेगळा कॅरसेट पाठवतोय का ते बघा. सर्व्हरचं म्हणणं मेटा ओळीपेक्षा वरचढ ठरतं. सर्व्हरवर अपाचे हे सॉफ्टवेअर असेल तर एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत 'अ‍ॅड डिफॉल्ट कॅरसेट'ने ते सुधारता येतं. त्या फाइलीचं नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ती लपलेली असते, फाइल मॅनेजरच्या सेटिंगमधून लपलेल्या फाइली दाखवायला सांगावं लागतं.

आणि सगळ्यांनी एक फरक लक्षात ठेवा. विचित्र चिन्हं दिसली तर मजकूर शाबूत आहे, फक्त वाचायची पद्धत चुकतेय. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर हात थांबवा आणि काहीही सेव्ह करू नका. जुन्या नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' या जुन्या पद्धतीत सेव्ह केलं की देवनागरी अक्षरांची खरोखरच प्रश्नचिन्हं होतात आणि त्या फाइलीतून मूळ अक्षर परत मिळत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या एका अपडेटपासून नोटपॅड स्वतःहून युटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. त्याआधीच्या मशीनवर मात्र सेव्ह अ‍ॅजच्या खिडकीत एन्कोडिंग दर वेळी बघून घ्या.

उंबरठा

नमस्कार. माझं वय जास्त, अनुभव कमी. माझ्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी टाइप केलेला मजकूर आहे. माझ्या कॉम्प्युटरवर उत्तम मराठी दिसतं. वेबसाइटवर टाकलं की इंग्रजी अक्षरं आणि कंस, स्वल्पविराम अशी खिचडी दिसते. कॅरसेटची ओळ घातली, फरक नाही. हाच तो प्रकार का?

निळी शाई

काका/काकू, हाच माझा दुसरा घोटाळा! नमस्कार. (काय म्हणू ते सांगा.) आईच्या जवळपास निम्म्या कविता अशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये फाइलीच्या आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो. तुमच्या मशीनवर तो फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं, दुसऱ्याकडे तो नाही म्हणून आतलं खरं दिसतं. कॅरसेट बदलून उपयोग नाही. मजकूरच युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) बदलावा लागतो. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते, त्यामुळे आधी फॉन्टचं नेमकं नाव शोधा आणि त्याच नावाचा कन्व्हर्टर वापरा.

आणि बदलल्यावर प्रत्येक ओळ वाचा, हे अगदी कळकळीने सांगते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, कारण तिथे सगळं दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. कन्व्हर्टर हे अदलाबदल करताना चुकतो. 'किनारा' नीट आला पण जोडाक्षरावरच्या वेलांट्या माझ्याकडे भलतीकडे गेल्या होत्या. कवितेत एक वेलांटी हलली तरी वृत्त मोडतं.

उंबरठा

काका चालेल. फॉन्टचं नाव सापडलं. आज एक पान बदलून बघतो. गेली काही वर्षं मला वाटत होतं की हा मजकूर आता आपल्या कॉम्प्युटरबाहेर जाणारच नाही. मनापासून आभार.

रातकिडा

पाऊलवाट, फाइली हलवल्या, स्वागताचं पान गेलं, माझं पान आलं! पण चौदापैकी चार फोटो दिसत नाहीत. लॅपटॉपवर चौदाही दिसतात.

पाऊलवाट

न दिसणाऱ्या फोटोच्या जागेवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा. वर पत्त्यात काय येतं ते अक्षर न अक्षर इथे सांगा, आणि सर्व्हरवर त्या फाइलीचं नाव काय आहे तेही.

रातकिडा

पत्त्यात 'फोटो७ डॉट जेपीजी', सगळं स्मॉल. सर्व्हरवर जेपीजी कॅपिटलमध्ये आहे. तीन फोटोंचं असंच. कॅमेऱ्यातून आलेले आहेत. चौथ्याचा पत्ता मात्र भलताच लांब आहे, फाइल, सी, युजर्स असं काहीतरी.

पाऊलवाट

दोन वेगळी कारणं, दोन्ही नेहमीची. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच, म्हणून लॅपटॉपवर फोटो दिसतात. सर्व्हर बहुधा लिनक्स असतो, त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली. फाइलींची नावं कायम स्मॉल ठेवा, मध्ये रिकामी जागा नको, हवी तर आडवी रेघ. देवनागरी नावंही चालतात, पण दुवा कॉपी करून कोणाला पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ होते, म्हणून सुरुवातीला टाळा.

चौथ्या फोटोत तुम्ही पानाला तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता दिलाय. वाचणाऱ्याच्या मशीनवर तुमचा सी ड्राइव्ह नाही. पानापासून फोटोपर्यंतचा रस्ता लिहा: फोटोंचा फोल्डर, तिरकी रेघ, फाइलीचं नाव. रेघ पुढे झुकणारी, विंडोजची मागे झुकणारी नाही.

गवताचं पातं

मला थोडं वेगळं म्हणायचंय. फक्त एचटीएमएल पानं असतील, तर हे सगळं आता शिकायची गरज आहे का? गिटहब पेजेस किंवा नेटलिफाय अशा सेवांवर फोल्डर टाकला की साइट लाइव्ह होते, फुकट, कुलपासकट (म्हणजे एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीसकट). परवानग्या नाहीत, पोर्ट नाहीत. नवख्याला पहिल्याच दिवशी एफटीपीत उतरवणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवण्यासारखं आहे.

पाऊलवाट

स्थिर पानांसाठी तो रस्ता चांगलाच आहे, मीही सुचवतो. पण तिथे पीएचपी चालत नाही, डेटाबेस नाही. उद्या वर्डप्रेस (लेख टाकायचं तयार सॉफ्टवेअर) हवं झालं की इथेच यावं लागतं. आणि नाव पोचणं, अक्षरांचा आकार, रस्ते, कॅरसेट, यातलं काहीच तिथे टळत नाही. गिटहबवरही कॅपिटल जेपीजी दिसत नाही.

गवताचं पातं

शेवटचं मान्य. तरी मी म्हणेन की पहिल्या पानाचा आनंद पहिल्या संध्याकाळी मिळायला हवा. तो मिळाला की माणूस पुढचं स्वतःहून शिकतो.

निळी शाई

मला दोघांचंही पटतं. मी आज पुन्हा सुरुवात केली तर एक पान आधी तिकडे टाकून बघेन. पण पाच रात्रींनंतर आता मला माझी साइट कुठे राहते हे माहीत आहे. ते मला हवं होतं.

सावली

वर्डप्रेसचं निघालंच आहे तर. लॅपटॉपवर बनवलेलं वर्डप्रेस चढवताना फक्त फाइली नेऊन भागत नाही. तुमचे लेख फाइलींमध्ये नाहीत, डेटाबेसमध्ये आहेत. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (डेटाबेस हाताळायचं साधन) एक्स्पोर्ट, सर्व्हरवर नवा डेटाबेस, तिथे इम्पोर्ट, मग डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये नव्या डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड. एवढ्यावरही दुवे 'लोकलहोस्ट'कडे, म्हणजे तुमच्याच लॅपटॉपच्या पत्त्याकडे, जातात, कारण तो पत्ता डेटाबेसमध्ये ठिकठिकाणी लिहिलेला असतो. एक्स्पोर्ट झालेल्या एसक्यूएल फाइलीत साध्या 'फाइंड अँड रिप्लेस'ने तो बदलू नका. काही नोंदींत मजकुराची लांबीही साठवलेली असते, पत्त्याची लांबी बदलली की ती नोंद वाचताच येत नाही आणि सेटिंग्ज उडतात. त्यासाठी असलेलं प्लगिन वापरा. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढू.

रातकिडा

फोटो सगळे आले! आता एकच. मी रंग बदलला, सीएसएस (रंगरूपाची फाइल) पुन्हा चढवली, मोबाइलवर नवा रंग, लॅपटॉपवर जुना. आणि आधी नाव फिरवताना मित्राला दोन दिवस जुनंच पान दिसत होतं. हे एकच आहे का?

पाऊलवाट

नाही, पण दोन्हींचं मूळ 'आठवण' आहे. रंगाचं कारण ब्राउझरची आठवण: जुनी सीएसएस त्याने जपून ठेवलीय. कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा किंवा प्रायव्हेट खिडकीत बघा.

नावाची आठवण मधल्या डीएनएस सर्व्हरकडे (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) असते. किती सेकंद जपायचं हे प्रत्येक रेकॉर्डवर लिहिलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात. ३६०० म्हणजे एक तास. लोक म्हणतात की बदल जगभर 'पसरायला' वेळ लागतो. प्रत्यक्षात काही पसरत नाही, जुनी आठवण संपायची वाट बघायची असते. डॉट कॉमच्या मुख्य सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. कंपन्या सांगतात ते '४८ तास' इथून येतात. पुढच्या वेळी ए रेकॉर्ड बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच त्याचा टीटीएल ३०० वर आणा. मग दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत काम होतं.

आता कुलूप लावा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट आहे, बहुतेक होस्टिंगच्या पॅनलमध्ये एका बटणावर मिळतं. ते ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतंय ना ते पहिल्यांदा तपासा. क्रम मात्र पाळा: नाव सर्व्हरपर्यंत पोचल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, कारण ते देणारे तुमच्या नावावर येऊनच खात्री करतात. कुलूप लागूनही इशारा दिसला तर एखादा फोटो अजून एचटीटीपीने बोलावला जात असेल, एचटीटीपीएस करा.

रातकिडा

कुलूप लागलं. पण एका फोल्डरवर ४०३ येतोय.

पाऊलवाट

४०४ म्हणजे वस्तू सापडली नाही, ४०३ म्हणजे बघायला मनाई. त्या फोल्डरमध्ये इंडेक्स फाइल नसेल किंवा परवानगी चुकली असेल. फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, आणि हव्या त्यांची बेरीज करायची. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. म्हणजे ६४४ मध्ये तुम्ही वाचता-लिहिता, इतर फक्त वाचतात. कोणी ७७७ करायला सांगितलं तर करू नका. त्याने सर्व्हरवरच्या कोणालाही तुमच्या जागेत लिहायची मुभा मिळते.

रातकिडा

परवानगी ७०० होती. ७५५ केली. उघडलं!

निळी शाई

अभिनंदन! आता एक गोष्ट आजच करा. सर्व्हरवरची आख्खी साइट एकदा खाली उतरवून तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा. गेल्या रविवारी मी घाईत फाइल मॅनेजरमध्येच एका कवितेचं शेवटचं कडवं दुरुस्त केलं. दोन दिवसांनी लॅपटॉपवरून सगळी पानं पुन्हा चढवली आणि जुन्या फाइलीने ती दुरुस्ती पुसली गेली. आईने फोनवर सांगितलेलं कडवं होतं, मी कागदावर लिहिलं नव्हतं. तिला पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, पण एक शब्द वेगळा आला. पहिला कोणता होता ते आता दोघींनाही आठवत नाही. तेव्हापासून दुरुस्ती फक्त लॅपटॉपवर करते आणि मगच चढवते.

उंबरठा

माझं एक पान बदलून झालं आणि चढलं. नातवाने त्याच्या मोबाइलवर उघडून मला मोठ्याने वाचून दाखवलं. वेलांट्या तुम्ही म्हणालात तशाच सरकल्या होत्या, हाताने नीट केल्या.

आता तुमची साइटही बघितली. कविता फार आवडल्या. एक दाखवतो, राग मानू नका. बाराव्या कवितेच्या तिसऱ्या ओळीत 'सूर्य'चं 'सूयर्' झालंय. रफार य वर जायचा तो मागे सुटून र चा पाय मोडलाय.

निळी शाई

राग कसला काका, मी ते पान किमान दहा वेळा वाचलं असेल. 'सूयर्' लॅपटॉपवर शोधलं तर आणखी चार ठिकाणी सापडलं, शिवाय 'धैयर्' एकदा. सगळी दुरुस्त केली, पाच पानं चढवली, आकार जुळवले, प्रायव्हेट खिडकीत बघितलं. तुम्हाला जुनंच दिसत असेल तर कंट्रोल आणि एफ५ दाबा.

उंबरठा

दाबलं. सूर्य दिसतोय.